ड्रॉइंगमध्ये राहून गेलेला वारा

दिल्लीत खोली शोधणाऱ्या मुलीला काय काय विचारतात, याचा माझा अभ्यास यूपीएससीच्या अभ्यासापेक्षा पक्का झाला होता. नाव काय, पूर्ण नाव काय, खाता काय, परत किती वाजता येता, भेटायला कोण कोण येतं. बहुतेक ठिकाणी पूर्ण नावापाशीच घोडं अडायचं आणि ‘कमरा तो कल ही उठ गया’ असं कळायचं. मुनिरक्यात एका कॉटवर दोघी अशी दीड वर्षं काढल्यावर मला कुणीतरी द्वारकेतल्या या काकूंचा पत्ता दिला. मराठी आहेत, एकट्या राहतात, जरा विचित्र आहेत, सांभाळून घे, असं सांगूनच दिला.

काकूंनी दार उघडलं, मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, “ट्रंक आहे?”

“आहे.”

“लांबी, रुंदी, उंची?”

मला काय माहीत! “मग मोजून ये,” म्हणाल्या, आणि खांद्याच्या पिशवीतून स्टीलची टेप काढून माझ्या हातात ठेवली. मी मेट्रोने मुनिरक्याला गेले, ट्रंक मोजली आणि परत आले. तोवर त्यांनी खोलीचं ड्रॉइंग काढून ठेवलं होतं. पलंग, टेबल, खुर्ची, खिडकी, सगळं प्रमाणात. मी आकडे सांगितले, त्यांनी कागदावर पलंगाखाली ट्रंक काढली, तारीख घातली आणि म्हणाल्या, “बसते. कधी येतेस?” माझं पूर्ण नाव त्यांना कळलं ते महिन्याभराने, पोलीस व्हेरिफिकेशनचा फॉर्म भरताना. त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही. फॉर्मवरचे रकाने तिरके छापलेत, याचं मात्र फार वाईट वाटलं.

काकू केंद्र सरकारच्या बांधकामाच्या एका खात्यात ड्राफ्ट्समन होत्या. बाई असून पदाचं नाव ड्राफ्ट्समनच. साहेब लोक कागदावर अंदाजाने काहीतरी गिरगटायचे, त्याचं मापात बसणारं ड्रॉइंग काकू करायच्या. छत्तीस वर्षं हेच केल्यामुळे, कागदावर उतरल्याशिवाय त्यांना जगातली कुठलीच गोष्ट खरी वाटत नसे. फ्रिजच्या दारावर फ्रिजच्या आतलं ड्रॉइंग चिकटवलेलं होतं. कोथिंबीर कुठे, दही कुठे, माझं दूध कुठे. चहाच्या भांड्याला आतून दोन रेघा कोरलेल्या होत्या, एक एका कपाची, दुसरी दोन कपांची. तिसरा माणूस आला की आम्ही दोनदा चहा करायचो. माझे रोजे सुरू झाले तेव्हा स्वयंपाकघरात तीस चौकटींचा तक्ता लागला. प्रत्येक चौकटीत इफ्तारची वेळ आणि तळाला बारीक अक्षरात ‘खजूर वरच्या कपाटात, डावीकडे’. अक्षर असं की छापील वाटावं. इतकं देखणं अक्षर मला पुन्हा कुठे पाहायला मिळालेलं नाही.

सोसायटीत त्यांना ‘नक्शेवाली आंटी’ म्हणत. पार्किंगचा उतार चुकलाय हे पटवायला त्यांनी कमिटीला एकामागून एक अकरा ड्रॉइंगं दिली होती. अकराव्यानंतर उतार दुरुस्त झाला. तेव्हापासून कमिटीचे सेक्रेटरी त्यांना लिफ्टपाशी पाहिलं की जिन्याने जायचे.

त्यांच्या प्रत्येक ड्रॉइंगच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात दोन रकाने असत. ड्रॉन, म्हणजे कुणी काढलं, आणि चेक्ड, म्हणजे कुणी तपासलं. साहेबांच्या मंजुरीचा तिसरा रकाना त्यांनी रिटायर झाल्या दिवशीच काढून टाकला होता. ‘ड्रॉन’पुढे त्या स्वतः सही करत, ‘चेक्ड’पुढे मात्र कधीच नाही. तिथे दुसऱ्याच माणसाची सही लागे. मी यायच्या आधी ते काम भांडी घासायला येणाऱ्या बाईंकडे होतं, आणि त्या नसल्या तर जो दारात सापडेल त्याच्याकडे. एका ड्रॉइंगवर गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसाची सही मी पाहिली आहे.

“तुम्ही स्वतःच का नाही तपासत?” मी विचारलं होतं.

“ज्याने काढलं त्याला स्वतःची चूक दिसत नाही. दिसली असती तर त्याने ती काढलीच नसती. बिल्कुल साधी गोष्ट आहे.”

मला ती गोष्ट साधी वाटली, म्हणून मी ती फार मनावर घेतली नाही, आणि त्याचं फळ मला लवकरच मिळालं. माझ्या पुस्तकांसाठी त्यांनी भिंतीला फळ्या बसवायचं ठरवलं. ड्रॉइंग माझ्यापुढे आलं तेव्हा मी राज्यघटनेत गळ्यापर्यंत बुडाले होते. मान वर न करता सही ठोकली. फळ्या बसल्या, आणि मग लक्षात आलं की खोलीचं दार आता अर्धंच उघडतंय. दाराच्या मुठीला खालची फळी अडत होती.

“काकू, चुकलंय हे.”

“चुकलंच. ड्रॉइंगमध्ये मूठ दाखवायची राहिली माझी. पण तपासलं कुणी?”

“मी.”

“मग आठ दिवस असंच राहू दे.”

आठ दिवस मी कुशीवर होऊन खोलीत जात-येत होते. पोटभर जेवले की पंचाईत व्हायची. नवव्या दिवशी काकूंनी करवत घेऊन फळी कापली, ड्रॉइंगवर लाल पेन्सिलीने दुरुस्ती केली आणि दुरुस्तीपुढे लिहिलं, ‘चूक लक्षात आणून दिली’, त्यापुढे माझं नाव. मला ते वाचून ओशाळायला झालं. मी म्हटलं, “पण न बघता सहीसुद्धा मीच केली होती.” त्या म्हणाल्या, “दोन्ही खरं आहे. दोन्ही राहू दे.”

त्यांच्याकडे खोडरबर होतं, पण ते रेघ काढतानाच्या चुकांसाठी. एकदा सही झाली की ड्रॉइंगवरचं काहीही खोडायचं नाही. चूक तशीच ठेवायची, तिच्या शेजारी लाल दुरुस्ती, आणि ती शोधणाऱ्याचं नाव. याचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं, ब्लेडने पेन्सिलीला टोक काढता काढता. नोकरीच्या पहिल्या वर्षात एका वसतिगृहाच्या जिन्याचं ड्रॉइंग त्यांच्याकडे ट्रेस करायला आलं होतं. तिसऱ्या वळणावर उंच माणसाचं डोकं तुळईला आपटेल, हे त्यांना दिसलं. त्यांनी साहेबांना सांगितलं. साहेबांनी पाहिलं, मान हलवली आणि कोरा कागद घेऊन सगळं नव्याने काढायला लावलं. नव्या ड्रॉइंगमध्ये चूक नव्हती, त्यामुळे ती शोधणारीही कुठे नव्हती. त्या इमारतीच्या उद्घाटनाला साहेबांना शाल मिळाली.

“चुकीबरोबर माणूसही खोडला जातो गं,” एवढंच म्हणाल्या आणि टोक जिभेला लावून पाहिलं.

आता मी एका सरकारी खात्यात अधिकारी आहे. माझ्या टेबलावर रोज फायली येतात आणि मी जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय सही करत नाही. हाताखालचे लोक मला कावलेले असतात. कावू देत.

तर गोष्ट त्यांच्या बोर्डाची. ऑफिसात कॉम्प्युटर आले तेव्हा लाकडी ड्रॉइंग बोर्ड लिलावात निघाले आणि काकूंनी छत्तीस वर्षांपैकी सव्वीस वर्षं ज्यावर काम केलं, तो आपलाच बोर्ड लिलावात उभं राहून विकत घेतला. पाच फूट लांब, साडेतीन फूट रुंद. हॉलमध्ये सोफा असतो तिथे त्यांच्या घरी तो होता. पाहुणे खुर्च्यांवर बसत.

त्यांची नात जयपूरला आर्किटेक्चरला गेली. पहिल्या वर्षी तिथे सगळं हातानेच काढायला लावतात. एके दिवशी तिचा फोन आला. स्पीकर चालू होता म्हणून मीही ऐकला. “आजी, तुझा वो बडावाला बोर्ड मला मिळेल का? माझा खूप छोटा आहे यार, शीट लटकते.” काकू म्हणाल्या, “बघते.” फोन ठेवून त्या बराच वेळ बोर्डावरून हात फिरवत उभ्या होत्या. घरात कुणीतरी आपलं काम पुढे नेतंय, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा खरं वाटलं असावं. मग म्हणाल्या, “मी स्वतः नेऊन देणार.”

काकूंकडे छोटी लाल गाडी होती. काका गेल्यानंतर, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी त्या चालवायला शिकल्या होत्या. भाजी, बँक, दवाखाना, सगळीकडे स्वतः गाडी घेऊन जायच्या. बोर्ड त्या गाडीत आडवा, उभा, तिरका, कसाही बसेना. राहता राहिला टप.

काकूंचा मुलगा गुडगावला नोकरीला होता. वाईट नव्हता, पण आईच्या काळजीने त्याचं डोकं सतत तापलेलं असे. महिन्यापूर्वीच काकूंच्या गाडीचा आरसा सोसायटीच्या गेटला घासला होता, तेव्हापासून त्याचा डोळा गाडीच्या चावीवर होता. “आई, पॅकर्सवाला दोन दिवसात पोचवेल. टपावर बोर्ड बांधून तू हायवेला जाणार? तू अडुसष्टची आहेस!”

“एकोणसत्तर,” काकूंनी दुरुस्ती केली.

शेवटी तहाची बोलणी झाली. काकूंनी घरीच टपावर कॅरिअर बसवायचा, बोर्ड बांधायचा आणि शनिवारी मुलाला दाखवायचा. त्याला पटलं तर रविवारी जयपूर. नाही पटलं तर बोर्ड पॅकर्सकडे आणि चावी त्याच्याकडे, कायमची. काकू “डन” म्हणाल्या खऱ्या, पण त्या दिवशी त्यांनी चहात साखर घातली नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, “चावी गेली की मी गेटच्या आतली म्हातारी. भाजीसुद्धा दुसऱ्याने आणलेली खायची.”

करोल बागेच्या बाजारात दुकानदार म्हणाला, “आंटीजी, दस मिनट में फिट करके देता हूँ, बिल्कुल फ्री.” काकू म्हणाल्या, “भैया, दस मिनट में तो मैं पेन्सिल छीलती हूँ.” कॅरिअरचं खोकं आम्ही घरी आणलं. दोन आडव्या दांड्या, चार पाय, दाराच्या चौकटीत अडकणारे चार आकडे आणि एक षटकोनी चावी. माहितीपत्रकातलं चित्र पाहून काकूंनी नाक मुरडलं आणि स्वतःचं ड्रॉइंग काढायला घेतलं.

त्याआधी बोर्डाचं वजन हवं होतं, कारण टपावर किती वजन चालेल हे गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं होतं. काकू बोर्ड छातीशी धरून वजनकाट्यावर उभ्या राहिल्या. त्यांना बोर्डामुळे काटा दिसेना, म्हणून मी जमिनीवर पालथी पडून आकडा वाचला. “आता यातून तुमचं वजन वजा करायचं. बोर्ड खाली ठेवून पुन्हा उभ्या राहा,” मी म्हटलं.

“माझं वजन तुला कशाला हवंय?”

शेवटी बोर्ड मी धरला आणि माझं वजन वजा केलं. पुस्तकातल्या मर्यादेच्या निम्मंही भरलं नाही.

शुक्रवारी सकाळी पार्किंगमध्ये काम सुरू झालं. काकूंनी टप धुतला, पुसला, कागदी चिकटपट्टीने खुणा केल्या. पुढची दांडी काचेपासून किती, मागची पुढचीपासून किती, सगळं ड्रॉइंगवर होतं. चारही दारं उघडी ठेवून आम्ही पाय बसवले, आकडे चौकटीत अडकवले. मग काकूंचा हुकूम सुटला. उजवीकडे तीन आटे, डावीकडे तीन आटे, पुन्हा उजवीकडे तीन. एक बाजू एकदम आवळली तर दांडी सरकते. तोवर सोसायटीतले चार रिटायर्ड काका जमले होते. एकजण म्हणाले, “मेकॅनिक को बुला लेते, मॅडम.” काकूंनी टेपचं एक टोक त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, “पकड़िए. हिलना मत.” पुढचा अर्धा तास ते काका हलले नाहीत.

सगळं आवळून झाल्यावर काकूंनी दांडी धरून जोरात हिसडा दिला. “गाडी हलली पाहिजे, दांडी नाही.” गाडी हलली, दांडी जागची ढळली नाही. बोर्ड चढवला, दोन पट्टे आडवे टाकून आवळले. मग ड्रॉइंग माझ्या हातात आलं.

या वेळी मी शहाणी झाले होते. तासभर टेप घेऊन एकूण एक माप ताडून पाहिलं. सगळं तंतोतंत. काकूंनी पेन पुढे केलं. आणि माझा हात पुढे जाईना. काहीतरी खटकत होतं, काय ते कळत नव्हतं. मी गाडीच्या समोर जाऊन उभी राहिले, आणि मग दिसलं.

इथे मला एक कबुली द्यायला हवी. वडील काय करतात असं दिल्लीत कुणीही विचारलं की मी ‘ट्रान्सपोर्टमध्ये आहेत’ असं सांगायचे. काकूंनाही तेच सांगितलं होतं. अब्बा लातूरकडे काळी-पिवळी जीप चालवतात, तालुक्यापासून खेड्यांपर्यंत. आत माणसं आणि टपावर त्यांचं सामान. पोती, पत्रे, लग्नातल्या गाद्या, पलंग. लहानपणी सुट्टीत मी खाली उभी राहून दोराची टोकं वर फेकायचे. टपावर काय कसं बांधतात, हे मला चालायला आलं तेव्हापासून माहीत होतं. पण ते ज्ञान आहे, असं कधी वाटलं नव्हतं. ज्ञान म्हणजे जे परीक्षेला येतं ते.

“काकू, यात वारा कुठेय?”

“कसला वारा?”

“समोरचा. गाडी ऐंशीने जायला लागली की तो बोर्डाखाली शिरणार. पुढची कड उचलली जाईल.”

काकूंनी ड्रॉइंग घेतलं, डोळ्यांपाशी नेलं, लांब धरलं. त्यांचा चेहरा उतरत गेला. “छत्तीस वर्षं इमारती काढल्या गं मी,” त्या हळूच म्हणाल्या. “मी काढलेली कुठलीच वस्तू कधी जागची हललेली नाही.” मग माझ्याकडे वळल्या. “तुला हे कुणी शिकवलं?”

“अब्बांनी. ते… काळी-पिवळी चालवतात.”

“ट्रान्सपोर्ट म्हणाली होतीस.”

मी मान खाली घातली.

“हे तर त्याहून जास्त उपयोगाचं आहे,” काकू म्हणाल्या. “फोन लाव.”

व्हिडिओ कॉल लागला तेव्हा अब्बा स्टँडवर सीटा भरत होते. काकूंना पाहून त्यांनी घाईघाईने डोक्यावरची टोपी सरळ केली.

“नमस्कार भाऊ. जरा ड्रॉइंग तपासायचं होतं.”

“नमस्कार ताई. म्या काय तपासनार, बोला.”

काकूंनी आधी ड्रॉइंग दाखवलं, मग गाडीभोवती फोन फिरवला. अब्बांनी फोन डोळ्यांजवळ नेऊन सगळं बारकाईने पाहिलं. मग म्हणाले, “ताई, काम एक नंबर हाय. दांड्या बी बरूबर. पर तोंड वर हाय बगा तिचं.”

“कुणाचं तोंड?”

“फळीचं. पुढचं तोंड खाली पायजे, मागचं वर. न्हाईतर वारं खाली शिरतंय आन् उचलतंय. खड्ड्याला न्हाई भ्यायचं ताई, वाऱ्याला भ्यायचं.”

“किती खाली?”

“थोडं.”

“थोडं म्हणजे किती सेंटिमीटर?”

अब्बांनी मदतीसाठी माझ्याकडे पाहिलं. मग दोन बोटं आडवी धरली. “दोन बोटं.”

काकूंनी मला विचारलं, “भाऊंची बोटं केवढी आहेत?”

“जाड आहेत.”

त्यांनी ‘४ सेंमी’ लिहून घेतलं. मग अब्बा खुलले. पुढच्या कडेला दोन दोर, बंपरखालच्या गाडी ओढायच्या कड्यांना, एक डावीकडे, एक उजवीकडे. पट्ट्याला मध्ये एक पीळ, म्हणजे तो वाऱ्यात फडफडून ढिला होत नाही. गाठ कुठली, ती कशी मारायची, हे त्यांनी स्वतःच्या गमछ्यावर करून दाखवलं. मागून जीपमधली माणसं ओरडायला लागली, हॉर्न वाजवायला लागली. अब्बा वळून म्हणाले, “थांबा की वो जरा! दिल्लीचं काम चालू हाय!” त्यांचा तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

आम्ही मागच्या दांडीवर रबराचे जाड तुकडे ठेवून बोर्डाचं तोंड खाली केलं, दोर बांधले, पट्ट्यांना पीळ दिला. मग काकूंनी लाल पेन्सिल घेतली. गाडीच्या पुढून येणारे पाच बाण काढले आणि त्यावर लिहिलं, ‘वारा’. खाली ‘चूक लक्षात आणून दिली’ आणि त्यापुढे माझं नाव. त्याखाली ‘दुरुस्ती सांगितली’ आणि त्यापुढे अब्बांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आणि ‘जीपचालक’. अब्बांचं नाव इतक्या सुंदर अक्षरात कुणी लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं. रेशनकार्डावर तर ते चुकीचंच आहे. मग मी सही केली.

संध्याकाळी मात्र माझी घालमेल सुरू झाली. म्हटलं, “काकू, उद्यासाठी नवीन ड्रॉइंग काढा ना, कोरं. दादांनी ही लाल पेन्सिल पाहिली तर ते म्हणतील, आईची चूक झाली. चावी जाईल.”

“जाऊ शकते.”

“मग? त्यांना कसं कळणार आहे? एका तासाचं काम आहे तुम्हाला!”

“भाऊंचं नाव खोडून मला गाडी चालवायची नाही,” काकू म्हणाल्या आणि कणीक मळायला उठल्या. मला त्यांचा इतका राग आला की मी जेवताना बोलले नाही.

शनिवारी मुलगा आला. गाडीभोवती दोन चकरा मारल्या, दांडी धरून हिसडा दिला, दोर ओढून पाहिले, वाकून बंपरखाली पाहिलं. चेहऱ्यावरून पसंत पडल्यासारखं वाटत होतं. मग काकूंनी आपण होऊन ड्रॉइंग त्याच्या हातात दिलं.

“आई, हे लाल काय आहे?”

“चूक.”

“म्हणजे वाऱ्याचं तुझ्या लक्षातच आलं नव्हतं?”

“नव्हतं.”

“मग हेच तर मी म्हणतोय! उद्या हायवेवर आणखी काही लक्षात नाही आलं तर?”

खरंच होतं ते. काकूंचा हात पिशवीकडे गेला. चावी त्या पिशवीत होती. मला राहवेना.

“दादा, नवीन कोरं ड्रॉइंग काढलं असतं तर तुम्हाला हे कळलं असतं का? मी काल त्यांना तेच सांगत होते. खूप भांडले मी. त्यांनी ऐकलं नाही. जी बाई स्वतःची चूक स्वतः तुमच्या हातात देते, तिच्याकडून चावी काढून घेणार?”

तो ड्रॉइंगवरच्या दुसऱ्या नावावर बोट ठेवून म्हणाला, “हे कोण?”

“माझे वडील. काळी-पिवळी चालवतात. तीस वर्षं झाली, त्यांच्या टपावरून दोरीचा तुकडाही खाली पडलेला नाही.”

दिल्लीत मी हे पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं होतं. मागे ते चार रिटायर्ड काका उभे होते, त्यांनीही ऐकलं. मला वाटलं होतं कानशिलं तापतील. उलट ऊर भरून आला.

मुलाने ड्रॉइंगची नीट घडी घातली. “चल आई, एक चक्कर मार. मी शेजारी बसतो.”

काकूंनी गाडी विमानतळाकडच्या रस्त्याला घातली. मी मागे. मुलाने काच खाली करून हात बाहेर काढला आणि वरचा पट्टा बोटांनी चाचपला. काकूंनी वेग वाढवला. दोर ताठ होता, पट्टा गप्प होता, बोर्ड मान खाली घालून बसला होता. परत पार्किंगमध्ये गाडी थांबल्यावर तो म्हणाला, “उद्या सहाला निघा. उशीर केला तर गुडगावलाच जाम लागतो.” मग मला विचारलं, “तू जातेस ना आईबरोबर?” रविवारी माझा सराव पेपर होता. मी हो म्हटलं.

नवा कॅरिअर थोडं अंतर कापल्यावर पुन्हा आवळावा लागतो. म्हणून मानेसर मागे टाकून आम्ही एका ढाब्यापाशी थांबलो. मी षटकोनी चावी घेऊन उतरले. चारही पाय पाहिले, एकाला अर्धा आटा दिला. दोरांच्या गाठी दाबून पाहिल्या, पट्ट्यांचे पीळ पाहिले, दांडीला हिसडा दिला. गाडी हलली. मग मी काकू उतरायची वाट पाहत बाजूला उभी राहिले.

त्या उतरल्याच नाहीत. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर रस्त्याकडे बघत होत्या.

मी खिडकीशी गेले. “काकू, एकदा बघून घेता ना?”

“तू बघितलंस ना?”

“हो.”

“मग बस की. नात वाट बघत असेल.”

यूपीएससीत तीनदा नापास झालेली पोरगी होते मी. माझ्या शब्दावर आपला जीव आणि आपला बोर्ड ठेवून कुणी मान न वळवता गाडी सुरू करेल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी आत बसले, बेल्ट लावला, आणि काकूंनी गाडी हायवेला घातली.